संशयाचा फायदा कोणास?

मातेच्या उदरांतील गर्भ मनुष्य केव्हां होतो, हा प्रश्न रोमन कॅथॉलिक पंथाला नवा नव्हे. प्रयोगशाळेंतील मूळपेशींच्या निमित्तानें तो अलीकडे वृत्तपत्रांत गाजला, आणि त्यामुळें या पंथाचा विरोध म्हणजे नव्या शास्त्राविषयींची जुनी अढी होय, असा पुष्कळांचा समज झाला. इतिहासाचीं पानें उलटून पाहिलीं तर हा समज टिकत नाहीं.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें असें मानलें होतें कीं, पुरुषगर्भाला आकार व चलन सुमारें ४० दिवसांनीं येतें, व स्त्रीगर्भाला सुमारें ९० दिवसांनीं. तेराव्या शतकांत संत थॉमस ॲक्वायनस यानें हाच पाया धरून क्रम लावला. गर्भांत प्रथम वनस्पतीसारखा जीव असतो, नंतर प्राण्यासारखा येतो, आणि शरीराची घडण पुरी झाल्यावर ईश्वर त्यांत बुद्धियुक्त आत्मा घालतो. तथापि यावरून आरंभींचा गर्भ नष्ट करण्यास मोकळीक होती असें मात्र नाहीं. तें पापच होतें. तें मनुष्यहत्येचें पाप कीं त्याहून निराळें, एवढाच वाद होता. शिक्षेच्या बाबतींतहि रोमचें धोरण स्थिर नव्हतें. १५८८ सालीं पोप सिक्स्टस पांचवे यांनीं दोन्ही प्रकारच्या गर्भांसाठीं एकच कडक शिक्षा ठरविली. अवघ्या तीन वर्षांनीं, १५९१ सालीं, ग्रेगरी चौदावे यांनीं जुना भेद पुन्हां आणला. आणि १८६९ सालीं पायस नववे यांनीं तो कायमचा काढून टाकला.

मध्यंतरीं शरीरशास्त्र पुढें गेलें होतें. १८२७ सालीं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें सस्तन प्राण्यांचें स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. त्यानंतर स्त्रीबीज व पुरुषबीज यांच्या संयोगाचें ज्ञान वाढत गेलें, आणि चाळीस दिवसांच्या गणिताचा शास्त्रीय आधार सुटला. म्हणजे पंथाच्या मताला आजचें रूप येण्यास शास्त्रहि कारण झालें आहे.

तरीहि आत्मा अमुक क्षणीं येतो असा निर्णय रोमनें दिला नाहीं. १९७४ सालच्या घोषणेंत हा प्रश्न बुद्ध्याच मोकळा ठेवला आहे. तेथील युक्तिवाद निराळा आहे. गर्भ मनुष्य आहे कीं नाहीं असा संशय जरी धरला, तरी मनुष्यहत्येचा धोका पत्करणें हेंच मोठें पाप होय. आपल्याकडील वाचकांस यावर राजा दशरथाची कथा आठवेल. अंधारांत पाण्याचा बुडबुड असा आवाज झाला. हत्ती पाणी पीत असावा असें समजून राजानें शब्दवेधी बाण सोडला, आणि तो श्रावणाला लागला. राजाचा हेतु वाईट नव्हता. नीट कळण्यापूर्वीं त्यानें बाण सोडला, हा त्याचा अपराध. पाश्चात्त्य नीतिशास्त्रांतहि झुडपांतील हालचालीवर गोळी झाडणाऱ्या शिकाऱ्याचें उदाहरण देतात. १९८७ च्या सूचनापत्रानें याच मार्गानें जाऊन, गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्तीप्रमाणें वागवावें असें सांगितलें.

त्या वेळीं हा प्रश्न उदरांतून कांचेच्या बशींत आलेला होता. १९७८ सालीं इंग्लंडमध्यें शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून पहिलें मूल जन्मलें. अशा उपचारांत जास्त भ्रूण तयार होत व उरलेले गोठवून ठेवीत. १९९८ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जेम्स थॉमसन यानें अशाच भ्रूणांपासून मानवी मूळपेशी वेगळ्या करून वाढविल्या. या पेशींपासून शरीरांतील कोणतीहि पेशी होऊं शकते. म्हणून मधुमेह, पाठीच्या कण्याची दुखापत, कंपवात यांवर उपाय सांपडेल अशी मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु पेशी काढतांना पांच-सहा दिवसांचा तो भ्रूण नाश पावतो. मज्जेंतील किंवा नाळेच्या रक्तांतील मूळपेशींना रोमची कधींच हरकत नव्हती. हरकत होती ती या नाशाला.

विरोधकांचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. जे भ्रूण शेवटीं टाकूनच द्यावयाचे, त्यांतून एखादा रोगी बरा झाला तर पाप कसलें, असें ते विचारीत. खुद्द पंथांतहि मतभेद होता. पहिल्या चौदा दिवसांत एका भ्रूणाचे दोन, म्हणजे जुळे, होऊं शकतात. मग तोंवर त्याला एक व्यक्ति कसें म्हणावें, असा प्रश्न ऑस्ट्रेलियांतील धर्मगुरु नॉर्मन फोर्ड यानें १९८८ च्या आपल्या ग्रंथांत मांडला. रोमचें म्हणणें पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या धर्मपत्रांत आढळतें. तेथें मनुष्य असण्याची नुसती संभाव्यतासुद्धां निषेधास पुरेशी मानली आहे. न्यायासनापुढें संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथें तो भ्रूणाला दिला गेला.

या निर्णयाची किंमत कोणी द्यावयाची? ती रोग्यांनीं द्यावयाची होती, आणि जॉन पॉल हे स्वतः त्या रोग्यांपैकीं एक होते. कंपवातानें त्यांचे हात थरथरत, वाणी अडखळे. २००० सालच्या ऑगस्टमध्यें रोम येथें अवयवरोपण करणाऱ्या वैद्यांच्या परिषदेंत त्यांनीं सांगितलें कीं, उद्देश चांगला असला तरी भ्रूणांचा नाश करणारा मार्ग ग्राह्य नाहीं. प्रौढ शरीरांतील मूळपेशींकडे वळावें. २३ जुलै २००१ रोजीं कास्तेल गांदोल्फो येथें अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्यापुढेंहि त्यांनीं तेंच मत मांडलें. पुढील महिन्यांत बुश यांनीं मधला मार्ग काढला : पूर्वींच तयार झालेल्या पेशींवरील संशोधनास सरकारी पैसा मिळेल, नव्यांस नाहीं. २ एप्रिल २००५ रोजीं पोप निवर्तले.

पुढच्याच वर्षीं जपानांत क्योतो येथें शिन्या यामानाका यानें उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकें घालून त्यांना मूळपेशींचें रूप दिलें. २००७ सालीं मानवी पेशींवरहि तें साधलें, आणि त्या कामीं थॉमसनचीहि प्रयोगशाळा स्वतंत्रपणें यशस्वी झाली. २०१२ सालीं यामानाकाला जॉन गर्डन याच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. या शोधाला भ्रूणपेशींवरील आधींच्या ज्ञानाचें साह्य झालें होतें, हेंहि मान्य केलें पाहिजे.

एक गांठ मात्र सुटली नाहीं. गोठविलेल्या हजारों भ्रूणांचें काय करावें? २००८ च्या सूचनापत्रांत रोमनें त्यांना संशोधनासाठीं देण्यास नकार दिला. अपत्यहीन दांपत्यांस देण्यालाहि संमति दिली नाहीं. त्यांना दत्तक घेण्याचा हेतु स्तुत्य मानला, पण त्यांतहि अडचणी दाखविल्या. आणि शेवटीं हा अन्याय असा आहे कीं, तो वस्तुतः दूर करतां येत नाहीं, अशी कबुली दिली. धर्मपीठाकडून अशी कबुली क्वचितच ऐकूं येते. बाण सोडूं नये एवढें संशय सांगूं शकतो. सुटलेला बाण परत कसा आणावा, हें त्याला सांगतां येत नाहीं.