अस्वलाच्या रानातून पायी जाताना : नागद्वार, तामिया, पेंचकडे जाणाऱ्यांसाठी

लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा पट्ट्यातली आणि विदर्भातली माणसं दरवर्षी नागपंचमीच्या आधी पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात. हा रस्ता सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. सगळे वाघाला भितात, पण पायी माणसानं खरं सांभाळायचं ते अस्वलाला. आपल्याकडे कोणी त्याला भालू म्हणतं, कोणी रिंछ.

अस्वलाचं नाक तेज, पण नजर आणि कान कमजोर. वारूळ उकरून वाळवी ओढताना ते इतकं गुंगतं की माणूस जवळ आल्याचं त्याला कळतच नाही. अचानक समोर पाहिलं की घाबरून अंगावर येतं. नख्या लांब असतात, जखमा बहुतेक डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. पिल्लं हिवाळ्यात जन्मतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. अशी मादी सगळ्यात धोक्याची.

म्हणून एकटं जाऊ नका, बोलत चला, काठी दगडावर आपटत चला. पावसाळ्यात ओढ्याच्या आवाजात तुमची चाहूल दबते, तिथे आवाज आणखी वाढवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला अंधारातच निघणाऱ्यांनी तर उजाडू द्यावं. मोह अस्वलालाही आवडतो, आणि पहाट ही त्याचीच वेळ. ताजं उकरलेलं वारूळ किंवा बिया असलेली विष्ठा दिसली तर दुसरी वाट धरा.

मुक्काम वन विभागानं परवानगी दिलेल्या जागीच करावा. गूळ, फळं, उरलेला भंडारा तंबूत ठेवू नका, उष्टं आजूबाजूला फेकू नका. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि सोबत कोणीतरी हवंच. गुहा, कपारीत निवारा शोधू नका. पाऊस कितीही असो.

अस्वल लांब दिसलं तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा. पळालात तर ते तुम्हाला गाठेल. झाडावर चढूनही उपयोग नाही, मधासाठी ते स्वतःच झाडावर चढतं. दोन मित्रांच्या गोष्टीतलं ‘मेल्यासारखं पडणं’ ऐकून लोक लांबूनच आडवे होतात, तसं करू नये. अंगावर आलंच तर मात्र पालथं पडा, दोन्ही हातांनी मान झाका, चेहरा जमिनीकडे ठेवा आणि ते निघून जाईपर्यंत हलू नका.

जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, मात्र रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडानं दाबून धरा. 108 वर फोन करा. चावा असो की ओरखडा, रेबीजची लस घ्यावीच लागते. घटना जवळच्या वन कार्यालयात लगेच नोंदवा. भरपाई घटना ज्या राज्यात घडली तिथल्या नियमानं मिळते. नागपूरचा माणूस पचमढीत जखमी झाला तर कागदपत्रं मध्य प्रदेशात करावी लागतील, त्यामुळे पंचनाम्याची आणि दवाखान्याच्या कागदांची प्रत घेऊनच घरी परता.