माळवद वर घेणे
१. येथे उल्लेखिलेले काम किरकोळ डागडुजीचे समजू नये. मलिक अंबरने १६१० साली वसविलेल्या खडकीच्या, म्हणजे पुढील औरंगाबादच्या, गुलमंडी-पानदरिब्यासारख्या जुन्या वस्त्यांत ज्या घरांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असत, तेथे धान्यासाठी वा वाढत्या कुटुंबासाठी जागा हवी झाल्यास ऊर्ध्व दिशेचाच अवलंब करावा लागे. त्यासाठी धाब्यावरील पांढऱ्या मातीचा थर उतरवून, खालील किलचण व तुळया सुट्या करून, भिंत चढवून तीच लाकडे पुन्हा घालीत. आणि ही माती इतकी जड की, तिचा भार केवळ भिंतीवर न सोपविता खणाखणाने लाकडी खांबांवर नेणे हेच शहाणपणाचे. हे सारे उन्हाळ्यातच उरकावे लागे, कारण उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यात मृगाचे पाणी शिरले, तर हानी दोन्ही घरांची. म्हणून शेजाऱ्याची रजामंदी, आणि नव्या पन्हाळीचे पाणी कोणाच्या हद्दीत पडावे याचा लेखी करार, ही गवंड्यास बोलावण्यापूर्वीची कामे होत. लेखकाने ती एका वाक्यात आटोपली आहेत. परंतु संपादकाच्या मते पुढील प्रकरणातील तंट्याचे मूळ तेथेच आहे.