डास : बचाव व दंशावरील घरगुती उपाय

डास चावू नयेत म्हणून, आणि चावल्यावर उठणाऱ्या गांधी व खाज शमावी म्हणून घरोघर केले जाणारे उपाय. डासांच्या क्युलिसिडी कुलातील तीन प्रजातींशी महाराष्ट्र व गोव्यातील माणसाचा मुख्यतः संबंध येतो. ॲनॉफेलीस हिवताप पसरवतो आणि रात्री चावतो. क्युलेक्स गटारे व डबक्यांतील घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा वाहक तो हाच. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस मात्र पिंप, रांजण, हौद अशा स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो, दिवसाढवळ्या चावतो आणि डेंगी व चिकुनगुन्या देऊन जातो. रात्री नेमाने मच्छरदाणीत झोपणाऱ्यालाही डेंगी का होतो, याचे उत्तर एडिसच्या या सवयीत आहे.

चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. नर वनस्पतींच्या गोड रसावर जगतो. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामातील लॅक्टिक आम्ल यांच्या मागावर ती माणसापर्यंत पोहोचते. गडद कपडे तिला लवकर दिसतात. एकाच खोलीतल्या दोघांपैकी एकालाच डास फोडून काढतात, तेव्हा ‘तुझं रक्त गोड आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. रक्ताच्या गोडीशी याचा संबंध नाही. त्वचेवरचे जीवाणू आणि त्यांच्यामुळे बनणारा प्रत्येकाचा वेगळा गंध यामुळे हा फरक पडतो.

पाणी. नैसर्गिक उपायांची चर्चा बहुधा तेले आणि धुरी यांपासून सुरू होते. खरे तर ती पाण्यापासून सुरू व्हायला हवी. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवली, तर अळ्यांना पंख फुटण्याआधीच चक्र तुटते. आरोग्य खात्याच्या ‘कोरडा दिवस पाळा’ या आवाहनामागे हाच हिशेब आहे. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात; म्हणून पिंप घासलेच पाहिजे. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, पावसाळी ताडपत्रीतला खोलगा ही नेहमीची ठिकाणे. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे हा अगदी स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेक घरी राहून जातो. जे पाणी उपसता येत नाही त्यात गप्पी मासे सोडतात. ते अळ्या खातात.

पाण्याचे हे गणित मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. शहरातील हिवतापाची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲनॉफेलीस स्टीफेन्साय या डासाची पैदास मुख्यतः घराघरांच्या विहिरींत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी बुजवण्याच्या व झाकण्याच्या मोहिमेला धार्मिक कारणांवरून विरोधही झाला. अलीकडचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे. या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरवले. उघडी गटारेच उरली नाहीत, त्यामुळे डासही ओसरले. त्या गावाचे अनुकरण पुढे इतरत्र झाले.

आडोसा व धूर. मच्छरदाणी हा सर्वांत निर्धोक उपाय. तिला चौरस इंचास किमान १५६ छिद्रे असावीत, कडा गादीखाली खोचाव्यात, आणि झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकू नये; टेकला तर मादी बाहेरून चावते. पूर्ण बाह्यांचे फिकट, सैल कपडे उपयोगी. पंख्याची किंमत लोकांना कळत नाही. डास दुबळा उडतो, वाऱ्यापुढे टिकत नाही, शिवाय उच्छ्वासाचा मागही विखुरतो.

कडुनिंबाचा वा निर्गुडीचा पाला, धूप किंवा गोवऱ्या जाळून धुरी देण्याची चाल जुनी आहे. धूर दाट असेपर्यंत डास दूर राहतात, विरला की परततात. बंद खोलीत तो धूर माणसाच्याच छातीत जातो, म्हणून दमेकरी व लहान मुले असलेल्या घरात धुरी टाळावी. कॉइलचा जन्मही वनस्पतीतूनच झाला. शेवंतीच्या नात्यातील एका पांढऱ्या फुलाची भुकटी, म्हणजे पायरेथ्रम, वापरून जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी १८९० च्या सुमारास डासांसाठी उदबत्ती बनवली. तिचीच पुढे गुंडाळी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरते. फुलापासून निघाले म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

अंगाला लावायची तेले. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील प्रयोगांत (१९९३) खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल मिसळून लावल्यास ॲनॉफेलीसपासून चांगले संरक्षण मिळाल्याचे नोंदले गेले. इतर डासांच्या बाबतीत ते तेवढे खात्रीचे नाही. गवती चहाच्या जातभाईपासून काढलेले सिट्रोनेला तेल लवकर उडून जाते. तासा-दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. लिंबाचा वास असलेल्या निलगिरीपासून केलेले, पीएमडी हा घटक असलेले प्रतिरोधक वनस्पतिज द्रव्यांमध्ये सर्वांत भरवशाचे आहे. सर्दीसाठी मिळणारे साधे निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे. तीन वर्षांखालील मुलांना पीएमडी असलेले प्रतिरोधक लावू नये. कोणतेही सुगंधी तेल पातळ न करता त्वचेवर चोळल्यास आग होते.

लसूण खाणे, जीवनसत्त्व ब-१ च्या गोळ्या आणि न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रे यांचा चाचण्यांत उपयोग दिसलेला नाही. खिडकीत तुळस जरूर लावावी, पण डासांसाठी नको. पाने चुरगळल्याशिवाय वास पुरेसा पसरत नाही.

दंशावर. मादी रक्त ओढताना लाळ सोडते. लाळेतील प्रथिनांमुळे रक्त गोठत नाही. त्याच प्रथिनांविरुद्ध शरीर हिस्टामिन सोडते आणि गांधी उठते. म्हणून पहिला उपाय साबण-पाण्याने धुणे, दुसरा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरणे. चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दहा मिनिटे लावून धुतल्यानेही खाज कमी होते. कोरफडीचा गर थंडावा देतो. कॅलामाइन लोशन घरगुती नसले तरी वर्षानुवर्षे खात्रीचे ठरले आहे. चुना लावू नये, तो त्वचा भाजतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास डाग आणि फोड येतात. थुंकी लावणे आणि नखाने फुली मारणे या बालपणीच्या दोन्ही युक्त्या जखमेत जंतू नेतात. मुलांची नखे कापून ठेवणे हा त्याहून चांगला इलाज. गांधीभोवती लाली पसरत गेली, पू झाला किंवा ओठ-डोळे सुजले तर डॉक्टरकडे जावे.

हे सारे उपाय खाजेपुरते आहेत. रोगावर त्यांचा परिणाम नाही. डेंगीचा ताप दंशानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी, हिवतापाचा बहुधा १० ते १५ दिवसांनी येतो. थंडी वाजून ताप आल्यास काढे घेत दिवस न घालवता रक्त तपासून घ्यावे, आणि डेंगीची शंका असल्यास ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. हिवतापाची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होते.