गाडी घरची, कागद कुणाच्या नावावर?

आज आम्ही अमेरिकेतल्या एका गाडीची गोष्ट सांगतो.

१९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने घरगुती वापराच्या मोटारीत सहा लिटरहून मोठं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. आपल्याकडच्या छोट्या मोटारीचं इंजिन साधारण एक लिटरचं असतं, त्यावरून तिची ताकद ओळखा. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार अंगाची गाडी, म्हणू लागले. मागे मुलं बसायची, डिकीत बाजार मावायचा. बायकाही ती चालवत. पण गाडीसाठी कर्ज मागायला बाई एकटी गेली, की पुष्कळदा नवऱ्याची सही मागत आणि तिची कमाई निम्मीच धरत.

१९७३ साली तेल महागलं. विम्याचे हप्ते आधीच वाढले होते. १९७४ मध्ये जीटीओ बंद झाली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की केवळ बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून कर्ज नाकारता येणार नाही.

आपल्याही घरी दुचाकी येते, ट्रॅक्टर येतो. हप्त्याला कितीदा आपल्या गटाचेच पैसे लागतात. मग आरसी बुकावर नाव कुणाचं आहे? आज घरी एकदा उघडून बघूया.