डोंगा, चुंडन आणि ड्रॅगन-नौका

समुद्रापासून शेकडो मैल दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात एखाद्याला नौकांच्या शर्यतीचे वेड लागावे, हे वाचकांना नवलाचे वाटेल. माझ्या एका विद्यार्थ्याला ते लागले होते. ड्रॅगनचे मुख लावलेल्या लांब चिनी नौकेचे चित्र त्याने वहीत चिकटवले होते : वीस वल्हेकरी, पुढे ढोल वाजविणारा, मागे सुकाणू धरणारा. मुलगा भामरागडकडचा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमाजवळ वाढलेला. पाण्याचे त्याला काय अप्रूप!

त्या शर्यतीचे मूळ मी त्याला सांगितले. इसवी सनापूर्वी २७८ मध्ये चू राज्याचा हद्दपार मंत्री आणि कवी क्यू युआन याने, राजधानी शत्रूच्या हाती पडल्याचे ऐकून, मिलुओ नदीत देह टाकला, अशी परंपरा आहे. कोळी होड्या घेऊन त्याला वाचवायला धावले. तो सापडला नाही. तेव्हा माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला. काही अभ्यासक या प्रथेचे मूळ त्याहून प्राचीन जलपूजेत शोधतात; परंतु लोकांनी जपली ती कवीचीच कथा. १९७६ साली हाँगकाँगने परदेशी संघांना बोलावले आणि हा खेळ जगभर पसरला.

आपल्याला मात्र एवढे लांब जावयास नको. १९६२ मध्ये चांदा मिशन केरळच्या सी.एम.आय. संघाकडे सोपविण्यात आले. त्या संघाचे एक संस्थापक संत चावरा १८०५ साली जन्मले ते कैनकरी येथे, म्हणजे कुट्टनाडच्या ऐन जलप्रदेशात, जेथे शंभराच्या आसपास वल्हेकऱ्यांची 'चुंडन' नौका आजही वंचिपाट्टूच्या ठेक्यावर धावते. जवळच्याच चंपाकुळमच्या शर्यतीची आख्यायिका तर आपण मुलांना आवर्जून सांगावी : अंबलप्पुळच्या मंदिराकडे नेली जाणारी श्रीकृष्णाची मूर्ती वाटेत एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी रात्रभर ठेवली गेली आणि दुसऱ्या दिवशी नौकांच्या मिरवणुकीने पुढे निघाली. त्याच स्मरणार्थ दरवर्षी तेथे शर्यत होते.

आमच्या नद्यांवर अशी शर्यत मी पाहिली नाही. येथे आहे तो डोंगा, एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेला. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाई, भामरागडचा जगाशी संबंध तुटे, आणि नदीपलीकडच्या गावांना धान्य, मीठ, पत्र जे काही पोचे ते डोंग्यातून.

सारे ऐकून घेतल्यावर विद्यार्थ्याने वहीतील चित्रावर बोट ठेवले.

"सर, हे सगळे बसलेले आहेत. मग यात आजारी माणसाला झोपवतात कुठे?"

लहानपणी त्याच्या आजीला पुरातून दवाखान्यात नेले होते. डोंग्यात आजी आडवी, दोन्ही टोकांना दोघे वल्हे मारणारे, आणि हा किनाऱ्यावरून त्यांच्याबरोबर पळत होता.