उंचीवरील स्कूबा डायविंग (कोयना परिसर)

समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा अधिक उंचीच्या पाण्यात, श्वसनाची साधने अंगावर घेऊन मारलेली बुडी. कोयनानगर (ता. पाटण, जि. सातारा) येथील धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी सुमारे 659 मीटर असल्याने तो या वर्गात मोडतो.

डायव्हरच्या पाठीवरील सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसून सुमारे 200 बार दाबाने भरलेली साधी हवा असते. हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा तोंडाशी देणारा रेग्युलेटर कुस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये सिद्ध केला. हौशी डायविंग त्यावरच उभे आहे. तरंगणे-बुडणे सांभाळणारे हवेचे जाकीट, वजनाचा पट्टा, मुखवटा, फिन, वेटसूट आणि खोली व वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर ही उरलेली साधने. उंचीवर कॉम्प्युटर त्या उंचीला जुळवावा लागतो.

समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो आणि त्या प्रमाणात नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत इजा होते. शिवसागराच्या पृष्ठभागावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के कमी असतो. त्यामुळे समुद्रात 18 मीटरवर बुडबुडे टाळण्याची जी गणिते लागू होतात, ती येथे गोड्या पाण्याचा हिशेब धरूनही सुमारे 17 मीटरवरच लागू होतात. कोकणातून घाट चढून आलेल्याने पाण्यात उतरण्यापूर्वी काही तास थांबणे इष्ट असते. शिवाय पावसाळ्यातील गढूळ पाणी, तळाशी बुडालेल्या वस्त्या आणि उन्हाळ्यात खूप खाली जाणारी पातळी यांचा विचार करावा लागतो. जलाशयाच्या काठी मुनावळे (ता. जावळी) येथे 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले.

प्रशिक्षणासाठी मात्र सातारा-सांगलीकरांना मालवण-तारकर्ली जवळची. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकाला प्रशिक्षकाने धरून उथळ पाण्यात नेले जाते. तो अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ‘ओपन वॉटर’ या पायाभूत अभ्यासक्रमात सिद्धान्त, तरणतलावातील सराव आणि समुद्रातील बुड्या असतात, व तो 18 मीटरपर्यंतची पात्रता देतो. मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, जोडीदाराशी हवा वाटून घेणे आणि श्वास कधीही न रोखणे हे धडे अंगवळणी पडेपर्यंत घोटले जातात. ते घोटणे हाच या विद्येचा गाभा.

डायव्हर एकटा उतरत नाही. उतरण्यापूर्वी जोडीदार एकमेकांची साधने तपासतात, खाली हातांच्या खुणांनी बोलतात आणि वर आल्यावर खोली, वेळ, उरलेली हवा नोंदवहीत लिहितात. एकमेकांचे प्राण सांभाळण्याच्या या शिस्तीतून अनोळखी माणसांतही लवकर जिव्हाळा जुळतो.

परतीचा प्रवास हा बुडीचाच भाग मानावा लागतो. मालवणहून चिपळूण-कुंभार्ली घाटमार्गे कोयनानगरला येणारा काही तासांत 600 मीटरच्या वर पोहोचतो. बुडीनंतरच्या विमानप्रवासासाठी दिलेली प्रतीक्षेची मर्यादा याच उंचीपासून लागू होते : साध्या एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18 तास. आंबोली घाटालाही हेच लागू पडते. त्यामुळे घाटमाथ्यावरील गटांनी शेवटची बुडी आदल्या दिवशी सकाळी आटोपून किनाऱ्यावर मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा.