मटका : नांदेड व लातूर परिसरातील बोली आणि देवघेव

मटका : आकड्यांवर पैसे लावण्याचा बेकायदा जुगार. न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर तो मुळात चाले. ते भाव येणे बंद झाल्यावर कल्याणजी भगत (१९६२) आणि रतन खत्री (१९६४) यांनी आकडे स्वतःच काढायला घेतले. मडक्यातल्या चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, नाव मडक्याचेच राहिले. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्दही कापूसबाजाराचेच. ‘नांदेड-४४’ या कापूसवाणाच्या गावी ते मटक्याचे म्हणूनच ओळखीचे असावेत, हा योगायोग गमतीचा आहे.

ओपनला आणि क्लोजला तीन-तीन पत्त्यांचा पाना निघतो. बेरजेतला शेवटचा अंक हा आकडा. १, २, ५ आले तर आठ. ओपन-क्लोज मिळून जोडी. साधारण भाव आकड्याला रुपयास नऊ, जोडीला नव्वद. आकडे दहा आणि जोड्या शंभर, तेव्हा दहावा हिस्सा कुणाकडे राहतो हे खेळणाऱ्यालाही कळते. त्यावर तो हुज्जत घालत नाही. हुज्जत होते ती वेळ, उधारी आणि चिठ्ठीवरचे अक्षर यांवरून.

खेळणारा आकडा ‘लावतो’, चिठ्ठी लिहिणारा तो ‘घेतो’. पैसे बुडाले असे कुणी म्हणत नाही. आकडा ‘थोडक्यात गेला’. पानटपरीपाशी ‘कल्याणला पंजा, वीस’ एवढेच पुरते; येथे कल्याण हे गाव नसून मटक्याचा बाजार आहे. चिठ्ठीवर अंक आणि रक्कम असते, नाव नसते. लिहिणारा बहुधा त्याच वस्तीतला, म्हणून ‘भाऊ’; त्याच्या वरचा बुकी मात्र ‘शेठ’ किंवा ‘मालक’.

पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार निरर्थक असल्याने लागलेल्या आकड्याचे पैसे कोर्टात मागता येत नाहीत. सगळी भिस्त शब्दावर. त्यामुळे लहान रक्कम चारचौघांत, जरा दाखवूनच दिली जाते. मोठी लागली की ‘चिठ्ठी उशिरा आली’, ‘मालकाने हा आकडा घेतलाच नाही’ अशी भाषा सुरू होते. अशा वेळी खेळणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात : टपरीसमोर आवाज चढवणे आणि उद्यापासून दुसऱ्याकडे लावणे. पण ज्याची उधारी थकली आहे त्याला आवाजही चढवता येत नाही. लिहिणाऱ्याचा खरा वचक इथे आहे, दांडगाईत नव्हे. एका आकड्यावर फार पैसे आले तर तो घेणे थांबवतो किंवा जोखीम पुढच्या बुकीकडे सरकवतो. याला ‘कटिंग’ म्हणतात.

मोबाइल आल्यावर चिठ्ठी व्हॉट्सॲपवर गेली. लावल्याची वेळ आता दोघांच्याही फोनमध्ये राहते. उशिराची सबब त्यामुळे लंगडी पडली, पण छाप्यात पोलिसांना पुरावाही आयता मिळू लागला.

खेळणारा आणि लिहिणारा यांच्या बोलीनंतर तिसरी भाषा पोलीस ठाण्याची. ‘स्वतःच्या फायद्यासाठी कल्याण नावाचा मटका जुगार खेळत व खेळवीत असताना मिळून आला’ हा फिर्यादीचा ठरलेला साचा. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२(अ) लागते. जप्तीत चिठ्ठ्या, पेन, रोख रक्कम आणि मोबाइल असतो, आणि आरोपी म्हणून पहिले नाव बहुधा कमिशनवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्याचे.